मोतीचा घास

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं जो प्रसंग ओढवला, तो वाचकांच्या कानीं घालणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. पाडव्याच्या सकाळीं फराळाचीं ताटें मांडलीं असतां आमच्या सात वर्षांच्या नातवानें आपल्या ताटांतले दोन रव्याचे लाडू, बेदाण्यांसकट, मोतीस भरविले. आम्हीं तें पाहिलें आणि ‘भूतदया म्हणतात ती हीच’ म्हणून त्याचें कौतुकही केलें. सायंकाळपर्यंत मोतीस तीन वेळां वांती झाली. पोट साफ व्हावें म्हणून मिठाचें पाणी पाजण्यास आम्ही उठलों, तोंच सूनबाईंनीं आम्हांस थांबवून पशुवैद्यांस दूरध्वनि केला. ते म्हणाले, “तें पाजलें असतें तर मिठाची बाधा वेगळी झाली असती.” तीन दिवस शिरेंतून सलाइन दिल्यावर मोती बचावला.

द्राक्षें, बेदाणे व मनुका यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. किती दाण्यांनीं, याचा नेम नाहीं. हा दोष त्यांतील टार्टारिक आम्लाचा असावा, असें मत अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं २०२१ सालीं मांडलें. तेंच आम्ल चिंचेंत विपुल असतें. तेव्हां उरलेल्या भातावर कटाची आमटी किंवा अळूचें फदफदें कालवून कुत्र्यापुढें ठेवणें आपण सोडलें पाहिजे. चॉकलेटच्या बर्फींतील थिओब्रोमीन त्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें व हृदयास बाधतें. कांदा-लसूण रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करितो, मग तो शेवेंत तळलेला कां असेना. चकली, अनारसे यांसारख्या तळणानें स्वादुपिंडास सूज येऊं शकते. साखरविरहित मिठाईंत झायलिटॉल असल्यास तर थोड्याच वेळांत रक्तांतील साखर घसरून प्राणावर बेततें. असें कांहीं पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्यांस गांठावें.

मग सणाच्या दिवशीं मुक्या जीवास उपाशी का ठेवावें? मुळींच नाहीं. वैश्वदेवानंतर श्वानासाठीं बलि ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. आणि तो बहुधा साध्या भाताचाच असे. मीठ-मसाला न घातलेला भात, उकडलेला तांबडा भोपळा, गाजराचे तुकडे, एवढें त्यास पुरे. आणि तेंही त्याच्या दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको.

त्या तीन दिवसांत नातू जेवतांना गप्प असे. एके रात्रीं त्यानें विचारलें, “आजोबा, माझ्यामुळें का हो झालें?” आम्हीं त्यास सांगितलें, “नाहीं रे बाळ, आम्हीं पाहिलें आणि अडविलें नाहीं, म्हणून झालें.” दान देतांना देश, काल आणि पात्र पाहावें, हें आम्हीं छत्तीस वर्षें वर्गांत शिकविलें, पण पात्राला काय पचतें, हें पाहावयाचें आमच्या ध्यानीं आलें नाहीं. यंदां मोतीची वाटी फराळाआधींच वेगळी काढावयाची, असें घरांत ठरलें आहे. आणि ती भरण्याचें काम नातवानें आपणहून मागून घेतलें आहे.