गप्प बसलेला प्राध्यापक

एक गोष्ट गेली कित्येक वर्षे आपल्या समाजात फिरते आहे. भ्रमणध्वनीवरून ती घरोघरी पोहोचते, धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सांगितली जाते आणि, लिहिताना खेद वाटतो, प्रवचनपीठावरूनही ती अधूनमधून ऐकू येते. कोणी एक नास्तिक प्राध्यापक भर वर्गात विचारतो : जे जे आहे ते ते देवाने निर्माण केले असेल, तर दुष्टाईही त्यानेच निर्माण केली ना? वर्ग स्तब्ध. मग एक विद्यार्थी उठतो. तो म्हणतो, सर, थंडी नावाची वस्तू नाही, उष्णता नसणे म्हणजे थंडी. अंधार नावाची वस्तू नाही, प्रकाश नसणे म्हणजे अंधार. तशीच दुष्टाई म्हणजे माणसाच्या हृदयात देव नसणे. प्राध्यापक निरुत्तर होऊन खाली बसतो. शेवटची ओळ ठरलेली : त्या विद्यार्थ्याचे नाव होते अल्बर्ट आइन्स्टाइन!

या गोष्टीशी माझे भांडण आहे. ते मांडण्यापूर्वी तिच्या कैवाऱ्यांचे म्हणणे त्यांना मान्य होईल अशा शब्दांत सांगणे माझे कर्तव्य आहे. ते म्हणतात : प्रसंग घडला नसेल, पण त्यातील तत्त्व खरे आहे. दुष्टाई ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव आहे, हे तर संत ऑगस्टीननेच शिकवले. शेतात राबणाऱ्या, लोकल गाडीत लोंबकळणाऱ्या भाविकाने जाडजूड ग्रंथ कधी वाचावेत? त्याला चार ओळींत धीर मिळत असेल तर बिघडले कुठे? आणि प्रभू येशूनेही दाखलेच सांगितले ना?

हा युक्तिवाद दुबळा नाही. त्यातील दाखल्याचा मुद्दा तर सर्वांत बळकट, म्हणून आधी त्याचाच विचार करू. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकून यरुशलेम ते यरीहो या वाटेवर त्याच्या घराचा पत्ता कोणी शोधीत बसले नाही. दाखला हा दाखला आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही. शोमरोनी खरोखर होऊन गेला की नाही, यावर त्या शिकवणुकीचे बळ मुळीच अवलंबून नाही. आपल्या गोष्टीतील आइन्स्टाइनचे नाव मात्र काढून पाहा. सारी इमारत कोसळते. ते नाव खरे मानले तरच शेवटची ओळ काम करते. ज्या वाक्यावर विश्वास बसावा म्हणून ते लिहिले आणि जे खरे नाही, त्याला दाखला हा शब्द लावता येत नाही. त्याला आपल्या साध्या मराठीत दुसरा शब्द आहे.

खऱ्या आइन्स्टाइनचे म्हणणे लपलेले नाही. म्युनिकमध्ये तो कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकला, हे खरे. पण बालपणीची आपली धार्मिकता बाराव्या वर्षी एकाएकी संपली, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. 1929 साली त्याने आपला विश्वास स्पिनोझाच्या देवावर असल्याचे कळवले. माणसांच्या सुखदुःखात लक्ष घालणारा देव त्याला मान्य नव्हता. 1954 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, जर्मन भाषेत लिहिलेल्या एका पत्रात त्याने देव या शब्दाला मानवी दुर्बलतेची निपज ठरवले. हे पत्र 2018 साली सुमारे 29 लाख डॉलरला लिलावात गेले, त्यामुळे त्याची वार्ता जगभर झाली. तेव्हा आपण ज्याला आपला साक्षीदार म्हणून उभे केले आहे, तो प्रतिपक्षाचा साक्षीदार निघण्याचा संभव अधिक!

आणि समजा, तो आपल्या बाजूचा असता, तरी काय सिद्ध झाले असते? मानवी बुद्धीवर आधारलेले आप्तवचन हा सर्वांत दुबळा पुरावा होय, असे संत थॉमस अक्वायनस आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या पहिल्याच प्रश्नात बजावतो. भौतिकशास्त्रातला मोठा माणूस देवाविषयी बोलला म्हणून ते प्रमाण होत नाही. उद्या दुसऱ्या बाजूने दहा नोबेलविजेते आणून उभे केले, तर आपण धर्म सोडणार आहोत काय?

पण माझा खरा राग त्या प्राध्यापकाच्या मुकेपणावर आहे. इतक्या सहजी तो गप्प का बसतो? कारण त्याला गप्प बसवण्यासाठीच निर्माण केले आहे. पोटात गवत भरलेले बुजगावणे पाडायला कसला पराक्रम लागतो! आपल्या परंपरेची रीत ही नव्हे. ‘सुम्मा’च्या दुसऱ्या प्रश्नातील तिसरा लेख उघडावा. देव आहे काय, असे थॉमस विचारतो, आणि पानावर प्रथम येतो तो नास्तिकाचा पक्ष. दोन आक्षेप, दोन्ही धारदार. अनंत चांगुलपणा अस्तित्वात असता, तर दुष्टाईला जागाच उरली नसती. ती तर दिसते. शिवाय निसर्गातील घटनांचे कारण निसर्गात आणि माणसाच्या कृतींचे कारण माणसाच्या बुद्धीत व इच्छेत सापडत असेल, तर देव मानण्याची गरज काय? साडेसातशे वर्षांत नास्तिकांनी या दोहोंपेक्षा बळकट असे फारसे काही शोधले आहे, असे मला वाटत नाही. त्यानंतरच थॉमस आपले पाच मार्ग मांडतो, आणि शेवटी पुन्हा आक्षेपांकडे वळून एकेकाला उत्तर देतो.

त्याहून अधिक मला भावतो तो संत अन्सेल्म. अकराव्या शतकात देवाच्या अस्तित्वाचा त्याने मांडलेला युक्तिवाद गाऊनिलो नावाच्या एका मठवासी संन्याशाने खोडून काढला, तोही देव नाही म्हणणाऱ्या मूर्खाची बाजू घेऊन! अन्सेल्मने काय करावे? ती टीका आणि आपले उत्तर दोन्ही यापुढे मूळ ग्रंथाला जोडूनच नकलून घ्यावीत, असे त्याने सांगितले. आपल्या लेखाच्या शेपटीला विरोधकाचा लेख बांधून पाठवणारे आज आपल्यात किती निघतील?

आणि ही रीत केवळ रोमची नव्हे. पूर्वपक्ष आधी, सिद्धान्त मागून, ही या भूमीतील शास्त्रकारांचीही शिस्त. सत्यशोधनासाठी चालतो तो वाद, काहीही करून जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, असा भेद गौतमाच्या न्यायसूत्रांनी केला. जल्पातले एक हत्यार म्हणजे छल. त्याचे जुने उदाहरण मजेदार आहे. नवे कांबळे पांघरलेल्या मुलाला कोणी ‘नवकंबल’ म्हणतो. लगेच दुसरा ओरडतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर आहे! शब्दाचा अर्थ गुपचूप बदलायचा आणि बोलणाऱ्याला खोटे पाडायचे. आपला विद्यार्थी दुसरे काय करतो? थंडी ‘नाही’ म्हणजे ती उष्णतेसारखी मोजायची स्वतंत्र वस्तू नाही, एवढेच. थंडीने गारठून मेलेल्या माणसाच्या दारात जाऊन थंडी नसतेच म्हणून सांगून पाहावे.

ऑगस्टीनची शिकवण या कोट्यांहून पुष्कळ खोल आहे. दगडाला दृष्टी नाही ही दुष्टाई नव्हे; माणसाला ती असायला हवी आणि नाही, ही उणीव. जे असायला हवे त्याचा अभाव, हा तिचा गाभा. दुष्टाई म्हणजे काय, याचे ते उत्तर आहे. प्राध्यापकाचा खोचक प्रश्न तेवढ्याने कदाचित टळेल. पण कॅन्सरने मूल गमावलेल्या आईचा प्रश्न व्याख्येचा नसतो. देवाने हे होऊ का दिले, हे तिला हवे असते. अभावाचा हा सिद्धान्त थॉमसला तोंडपाठ होता, ‘सुम्मा’त पुढे त्याने तो सविस्तर मांडलाही, पण या आक्षेपाला उत्तर देताना त्याने तो वापरला नाही. ऑगस्टीनचाच वेगळा विचार त्याने पुढे केला : दुष्टाईतूनही चांगले घडवण्याइतका देव समर्थ आणि चांगला आहे, म्हणूनच तो ती घडू देतो. हे उत्तर कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. निदान ते विचारलेल्या प्रश्नाचे आहे.

राहिला साध्या भाविकाचा मुद्दा. त्याच्या साधेपणाचा आदर मलाही आहे, म्हणूनच त्याला नासके धान्य देऊ नये असे मी म्हणतो. त्याची मुलगी उद्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहात राहायला जाईल. तेथील तिची मैत्रीण त्या प्राध्यापकासारखी गप्प बसणार नाही. ती आइन्स्टाइनचे पत्र दोन मिनिटांत शोधून पुढे ठेवील. त्या क्षणी आपली मुलगी फक्त एक गोष्ट गमावील काय? ज्या तोंडांनी ही गोष्ट सांगितली त्याच तोंडांनी पुनरुत्थानाची साक्षही दिली होती, हे तिच्या ध्यानात आल्यावाचून राहील काय?

तरीही कोणी म्हणेल, फादर, अखेर आम्ही देवाचीच बाजू घेतली ना! ईयोबाच्या मित्रांनीही देवाचीच बाजू घेतली होती. राखेत बसलेल्या त्या दुःखी माणसासमोर त्यांनी देवाच्या बचावाची भाषणांवर भाषणे ठोकली; तुम्ही देवासाठी खोटे बोलणार काय, असे ईयोबाने त्यांना तोंडावर विचारले. पुस्तकाच्या शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा कोप भडकतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर या वकिलांवर. सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावे लागले, आणि त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.