बकासुराचे आकडे

बकासुराला खेळात उतरवायचे तर त्याची आकडेवारी कोठून आणावी, हा प्रश्न आता मराठी तरुणही विचारू लागले आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ फासे आणि कथन यांवर चालतो. त्यात प्रत्येक राक्षसाची जणू एक कुंडली मांडलेली असते: तो किती मार सोसतो, त्याच्यावरचा वार केव्हा लागू पडतो, त्याचा स्वतःचा तडाखा किती. मराठीच्या अध्यापकांना या पोरखेळाशी काय कर्तव्य, असे आमचे काही व्यवसायबंधू विचारतील. पण बकासुर आमच्या जिल्ह्याला परका नाही. सेलू तालुक्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी इकडची लोकश्रद्धा आहे. तेथील गणपतीला एकचक्रा गणेश म्हणतात. जळगाव जिल्ह्यातील एरंडोलही हाच मान सांगते. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

आकडेवारी शोधणाऱ्याला एक तयार उत्तर मिळते. या खेळाच्या १९७७ च्या राक्षसकोशात 'राक्षस' याच नावाचा प्राणी आहे. चित्रात त्याला वाघाचे तोंड, अंगात झगा आणि ओढायला पाइप दिलेला आहे. २०१४ च्या आवृत्तीत त्याचा आर्मर क्लास १६, हिट पॉइंट्स ११० आणि चॅलेंज रेटिंग १३. मूलभूत नियमांसह हा तक्ता २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कोणालाही विनामूल्य वापरता येतो. तेव्हा नाव तेवढे बदला आणि खेळा, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला आम्हांस अमान्य आहे.

धर्मभावना दुखावते म्हणून नव्हे. दशावतारी नटांनी आणि कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या राक्षस नाचवले, त्यांच्यावर लोकांना हसवलेही. देवादिकांचे त्यात काही बिघडले नाही. 'बक' म्हणजे बगळा, त्याला वाघाचे तोंड कशाला, ही तक्रारही दुय्यम आहे. आमचा आक्षेप असा की हे आकडे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात: याला मारायला किती वेळ लागेल? बकासुराची कथा मात्र निराळाच हिशेब मांडते.

आदिपर्व उघडून पाहावे. बकासुराचे बळ किती, याचे मोजमाप तेथे नाही. त्याला काय द्यावे लागते याचे आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. महाभारत या खंडणीला चक्क 'वेतन' म्हणते. कारण हा राक्षस त्या प्रदेशाचे परचक्रापासून रक्षण करतो! राजा आहे, पण तो दुबळा आहे आणि प्रजेला वाचवण्याचा उपाय करीत नाही. घरांच्या पाळ्या लागलेल्या आहेत. एकेका घराची पाळी कित्येक वर्षांनी येते. म्हणूनच, आमच्या मते, बाकीची घरे निश्चिंत झोपू शकतात. कोणी सुटकेची खटपट केलीच, तर राक्षस त्याला बायकापोरांसह खातो.

म्हणजे बकासुर हा केवळ देह नव्हे, तो एक करार आहे. ११० हिट पॉइंट्स संपले की देह पडेल. पाळी ठरवणारे गाव आणि हात बांधून बसलेला राजा यांचे काय? कथेला हे ठाऊक आहे. भीम राक्षसाला मारून थांबत नाही. त्याच्या आप्तांकडून यापुढे माणसांची हिंसा न करण्याचे वचन घेतो. जुना करार मोडतो, तेव्हाच नवा होतो.

आकड्यांवाचून खेळ चालत नाही, हे मान्य. मग आकडे मांडावेत, पण आपल्या कथेचे. हिट पॉइंट्सच्या शेजारी आणखी चार रकाने असावेत: वेतन किती, पाळी कोणाची, मोबदल्यात कोणते रक्षण, आणि करार कोणाच्या मौनावर टिकला आहे. खेळणाऱ्यांना मग तलवार उपसण्याआधी गावाशी बोलावे लागेल, राजाला जाब विचारावा लागेल. कोणी भीमाची वाट धरील आणि पाठीत तडाखे बसत असताना राक्षसासाठी आणलेला भात त्याच्यासमोर स्वस्थपणे संपवील. त्या प्रसंगाला तयार तक्त्यात जागाच नाही.

हे रकाने भरणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, चकवा यांपैकी प्रत्येकाची हद्द निराळी, मागणी निराळी, सुटकेची अट निराळी. मुंजाला पिंपळापासून आणि चकव्याला वाटेपासून तोडून केवळ बळाचा आकडा दिला, तर उरते ते नाव. एवढी सामग्री हाताशी असताना तरुणांच्या प्रश्नाला नाक मुरडणे ही विद्वत्ता नव्हे, आळस आहे. आपण उत्तर दिले नाही, तर ते वाघाच्या तोंडाचा राक्षस घेतील. आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.