चार ट्रॅक, एक स्कूटर

आमच्या केदारखेड्यात बँड म्हणजे लग्नातला. तो सोडला, तर माणूस सरळ शेतीला लागतो. रेमो फर्नांडिस मात्र आर्किटेक्चर शिकलेला. सत्तरच्या दशकात मुंबई गाजवणाऱ्या ‘द सॅव्हेजेस’मधून तो बाहेर पडला, यथावकाश गोव्यात शिवोलीला परतला आणि १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ काढला. घरच्या घरी, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर! गाणी, वाद्यं, कव्हर... सबकुछ रेमो. पुढची गंमत ऐका. कॅसेट दुकानोदुकानी पोचवायलाही हाच, पिवळ्या स्कूटरवरून! (आपल्याला साधं प्रेझेंटेशन करायला टीम लागते.) कंपन्या मागाहून आल्या. मला तरी तो आधीचा, घरगुती आवाजच भावतो. चारच ट्रॅक, त्यामुळे काय गाळायचं हेही त्यानं एकट्यानंच ठरवलेलं.