एक आडवी रेघ

आजीच्या अल्बमचे स्कॅन कधी पाठवतोस, असं आत्या दोनदा विचारून गेली. आता कबूल करून टाकतो. ते मीच उडवले. व्हायरस नाही, हार्ड डिस्क नाही... मीच!

त्या रात्री लिनक्सवर फोटोंच्या फोल्डरमध्ये होतो. मध्येच एक दुरुस्ती आठवली, म्हणून 'एसयू' अशी दोन अक्षरं टाइप केली, पासवर्ड दिला आणि रूट झालो. रूट म्हणजे सर्वाधिकारी. १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून ही कमांड आहे. पण ती नुसती दिली तर माणूस बदलतो, खोली नाही. तुम्ही त्याच फोल्डरमध्ये राहता, जुनी बरीच सेटिंग्जही तशीच राहतात. पुढे एक आडवी रेघ टाकली, की रूटचं लॉगिन शेल नव्याने सुरू होतं आणि तुम्ही त्याच्या होम फोल्डरमध्ये पोचता.

मी तिथेच आहे, असं मी गृहीत धरलं. तिथला कचरा काढायला 'आरएम' आणि पुढे चांदणी! संपलं.

गंमत म्हणजे त्या फाइली मी मुद्दाम 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवल्या होत्या. साधा वापरकर्ता असतो तर 'आरएम'ने प्रत्येक फाइलला "काढू का?" विचारलं असतं. रूटला कोण विचारणार?

२०१९ मध्ये डेबियन १० आलं, तेव्हापासून नुसत्या 'एसयू'ने पाथही जुनाच राहतो, आणि प्रशासकाच्या कित्येक कमांड सापडेनाशा होतात. तेव्हा मीही कुरकुरलो होतो. आता वाटतं, ती अडचण नव्हती, इशारा होता.

म्हणून माझं मत असं: रूट होऊन बसूच नये. एका कामापुरता अधिकार हवा असेल तर 'सुडो' आहे. फोल्डर तोही बदलत नाही, पण दर वेळी ते नाव लिहिताना हात क्षणभर थबकतो. तेवढं थबकणं पुरतं. आणि रूट व्हायचंच असेल, तर रेघेसकट व्हावं आणि काम झालं की 'एक्झिट' म्हणावं. अधिकार घेताना आपण कुठे उभे आहोत ते बघावं, एवढंच.

असो. मूळ अल्बम आत्याच्या ट्रंकेत आहे म्हणून वाचलो. आत्या, रविवारी स्कॅनर घेऊन येतोय. रागावू नकोस, चहा टाक.