वरातीच्या गाण्याला परवाना लागतो का?

लग्नसराई आली की मंगल कार्यालयवाल्यांना गाण्याच्या परवान्याची धास्ती. मग तो खर्च काही ठिकाणी वधूपित्याच्या बिलात चढतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ बघा. धार्मिक विधीत वाजणाऱ्या गाण्याला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नासंबंधीचे इतर समारंभही त्यात धरलेत. माझ्या मते हळदही आलीच. केंद्राने जुलै २०२३ मध्ये हेच सांगितलं. गोवा सरकारनेही तसं परिपत्रक काढलं, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केलं. लगेच ‘सूट गेली’ अशी आवई. अहो, गेलं ते परिपत्रक. कलम जागेवर आहे!

ढाबा, सलून, हॉलमधली वाढदिवसाची पार्टी, यांना मात्र सूट नाही. मोबाईल ॲपचे भरलेले पैसे स्वतः ऐकण्यापुरते. शिवाय गीत-चालीचे हक्क आयपीआरएस बघते, रेकॉर्डिंगचे पीपीएल. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही. कलाकाराला त्याचं मिळावंच. पण वसुलीला कुणी आलं तर कोणत्या गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे आहेत, ते आधी लेखी मागा. आणि लग्नाच्या बिलात ‘म्युझिक लायसन्स’ दिसलं, तर कार्यालयवाल्याकडून त्या पावतीची झेरॉक्स घ्या.