घोकलेला परिचय

भंडाऱ्याचा मुलगा नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत मुलाखतीला निघतो, तेव्हा त्याला धास्ती असते ती इंग्रजीची आणि त्याखालोखाल बोलता बोलता बोलीतले ‘करून राहिलो’ निसटून जाण्याची. मग कोचिंगवाल्याने लिहून दिलेला परिचय तो रात्रभर घोकतो. मी मेहनती आहे, सकारात्मक आहे, टीममध्ये काम करायला आवडते. समोरच्यांनी सकाळपासून हेच ऐकलेले असते. ‘टीममध्ये तुम्ही नेमके काय केले?’ या पुढच्याच प्रश्नाला पाठांतर संपते.

कपडे नीटनेटके असावेत, पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, कागदपत्रांची फाइल लावलेली असावी, हे सांगायला अग्रलेख कशाला? खरी गोम शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आहे. प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, हे पॅनललाही ठाऊक असते. समजा, संत्र्यांची प्रतवारी करणारे यंत्र बायोडाटात लिहिले आहे. ‘सर्किट मित्राने जोडले, चाचण्या मी घेतल्या, ओल्या संत्र्यावर सेन्सर चुकायचा, म्हणून आधी फळ पुसून घ्यावे लागे’ असे जो सांगतो, त्याने काम हाताने केले आहे, हे लगेच कळते. त्याचे इंग्रजी अडखळले तरी ऐकणारा कान देतो. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणावे. थापा मारणारा दुसऱ्याच उपप्रश्नात सापडतो.

सरकारी मुलाखतीचेही तसेच. नागरी सेवा परीक्षेच्या 2025 गुणांपैकी 275 मुलाखतीचे असतात, आणि मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. प्रश्नांचा धागा बहुधा उमेदवाराच्याच अर्जातून निघतो. अर्जात भंडारा लिहिणाऱ्याला गोसीखुर्द धरणाबद्दल विचारले जाणारच. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाचा 372 कोटींचा अंदाज कुठल्या कुठे का गेला, पुनर्वसन कुठे अडले, हे पवनी तालुक्यातल्या मुलाने घरीदारी ऐकलेले असते. पण तयारी करताना तो तेवढेच सोडून बाकी जग वाचतो!

दोष एकट्या उमेदवाराचा नाही, मुलाखत घेणाऱ्यांचाही आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने (आपले नागपूरचे व्हीएनआयटीही मूळचे त्याच मालिकेतले) प्रवेशासाठी 150 पैकी 50 गुण तोंडी परीक्षेला ठेवले होते, आणि ती दोन-तीन मिनिटांत उरकली जाई. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा निवडीत मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानी ठरवले. पुढे केंद्राने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. दोन मिनिटांत माणूस जोखता येतो, हा मुलाखत घेणाऱ्यांचा भ्रम जुनाच आहे. बोलीचा हेल ऐकून उमेदवाराला मनातल्या मनात खाली बसवणारे पॅनल आपल्याच कंपनीचे नुकसान करते.

विदर्भातल्या महाविद्यालयांनी शेवटच्या आठवड्यातल्या मॉक इंटरव्ह्यूवर विसंबू नये. तिसऱ्या वर्षापासूनच प्रत्येकाला ज्युनिअरांसमोर उभे करून आपले काम आधी मराठीत, मग इंग्रजीत समजावून सांगायला लावावे, आणि परिचय पाठ करून घेणे आजपासून थांबवावे.