कपाटातला दफ्तरखाना

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका १९६३ साली सुरू झाली. पुढे जुन्या भागांचा उपयोग संपला असे मानून बीबीसीनेच कित्येक चित्रफिती पुसल्या. प्रेक्षकांनी मात्र घरच्या टेपरेकॉर्डरवर ध्वनी टिपून ठेवला होता; म्हणूनच हरवलेल्या प्रत्येक भागाचा निदान आवाज तरी आज उपलब्ध आहे.

२०२३ मध्ये ८०० हून अधिक भाग बीबीसीच्या आयप्लेअरवर आले, पण हक्कांच्या वादामुळे पहिलीच कथा त्यांत नव्हती. २००६ चा डीव्हीडी-संच ज्यांनी जपला, त्यांच्यापाशी ती होती.

अशा संग्राहकांना निव्वळ हौशी म्हणणे अन्यायाचे आहे. मालकी संस्थेची असते. साधने पुष्कळदा सामान्यांच्या कपाटात टिकतात. इतिहासप्रेमींनो, घरातल्या जुन्या फिती टाकण्यापूर्वी एकदा लावून पाहा.